ऑस्ट्रेलिया आधी, बँकॉक शेवटी: असं का?

"नकाशात बँकॉक जवळ, मग आपण आधी थेट मेलबर्नला का जातो?" आपल्या ऑस्ट्रेलिया-सिंगापूर-बँकॉक सहलीच्या बुकिंगला आलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. कारण आहे तुमची खरेदीची पिशवी.

ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याच्या आणि लाकडी वस्तू जाहीर कराव्या लागतात. बँकॉक आधी केलं, तर तिथे हौसेने घेतलेली चिंच, करी पेस्ट आणि लाकडी हत्ती असं सगळं विमानतळावर तपासनिसापुढे मांडत बसायचं. त्यापेक्षा कडक देश आधी उरकलेला बरा.

तरी घरचा फराळ उरतोच. प्रवेशाच्या कार्डावर खाद्यपदार्थांच्या प्रश्नाला सरळ "हो" म्हणा. चकली, शंकरपाळे, गोडा मसाला, सगळं त्यात आलं. जाहीर केलेली वस्तू फार तर ते काढून घेतील. लपवलेली सापडली तर जागेवर दंड, शिवाय व्हिसा रद्द होण्याची टांगती तलवार. पेढे, ताजा कढीपत्ता आणि फळं घरीच ठेवा. विमानात मिळालेलं सफरचंद विमानातच संपवा. फराळाचा डबा बॅगेत सगळ्यात वर असू द्या, म्हणजे साड्या-शर्टांची उलथापालथ होणार नाही.

मेलबर्नला क्वीन व्हिक्टोरिया मार्केट 1878 पासून भरतं. सोमवारी आणि बुधवारी ते बंद असतं, आणि आपला कार्यक्रम ते पाहूनच आखलेला आहे. तिथले गरम जॅम डोनट रांगेत उभं राहूनच खावेत. पहिला घास मात्र जपून. आतला जॅम जीभ पोळवतो. इथे घासाघीस फारशी चालत नाही. शिवाय शहरातली बरीच दुकानं संध्याकाळी पाच-साडेपाचलाच शटर ओढतात. सिडनीत गुरुवारी रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, म्हणून सिडनीची खरेदी त्या दिवशी.

मेरिनो लोकरीची शाल, मॅकाडेमिया नट्स जरूर घ्या. टिमटॅम बिस्किटं घेतलीत तर पुढे बँकॉकच्या उकाड्यात त्यांचं चॉकलेट पातळ होतं, तेव्हा हॉटेलच्या फ्रिजची आठवण ठेवा. (किंवा सिंगापूरला पोचायच्या आत संपवा. बहुतेक जण तेच करतात.)

एकाच व्यावसायिकाकडे 300 ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी केलीत, तर देश सोडण्याआधीच्या 60 दिवसांतल्या त्या खरेदीवरचा जीएसटी विमानतळावर परत मिळतो. मेलबर्नची बिलंही सिडनीच्या विमानतळावर चालतात. वस्तू मात्र हातातल्या बॅगेत हवी, आणि परताव्याची खिडकी विमान सुटण्याच्या 30 मिनिटं आधी बंद होते.

सिंगापूरबद्दल थोडक्यात. च्युइंगगम नेऊ नका, डुरियन हे उग्र वासाचं फळ घेऊन मेट्रोत चढू नका. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या एकत्र आवारात, टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की ती जागा कुणीतरी धरलेली आहे असं समजावं. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच. जेवण झालं की ट्रे स्वतः परत करायच्या ठिकाणी नेऊन ठेवायचा. 2021 पासून ते सक्तीचं आहे.

आणि मग बँकॉक. चतुचक बाजार शनिवार-रविवारचा, म्हणून आपला मुक्काम आठवड्याच्या शेवटी. मो चिट स्टेशनला उतरायचं. चुकामूक झाली तर मधल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी या. भाव करायचाच, पण हसत. विक्रेता कॅल्क्युलेटर पुढे करतो, तुम्ही तुमचा आकडा टाकायचा. एकाच ठिकाणी तीन-चार वस्तू घेतल्या की तो लवकर उतरतो. दमलात की करवंटीतलं नारळाचं आइस्क्रीम घ्या: वर शेंगदाणे, आणि तळाचं कोवळं खोबरं चमच्याने खरवडून शेवटी खायचं.

शाकाहाऱ्यांसाठी: साध्या भाजीतही "नाम प्ला", म्हणजे माशाचा सॉस पडतो. "किन जे" म्हणा, म्हणजे "मी पूर्ण शाकाहारी खातो". पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेल्या अशा "जे" दुकानांत मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींची इथे अनपेक्षित चंगळ होते.

बुद्धमूर्ती परवान्याशिवाय थायलंडबाहेर नेता येत नाही; मोह टाळा. करी पेस्ट मोठ्या बॅगेत टाका, केबिनमध्ये ती द्रवपदार्थांच्या नियमात अडकते. मॉलमधल्या खरेदीवर व्हॅट परत हवा असेल, तर दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घ्या, आणि खरेदी मोठ्या रकमेची असेल, तर मोठी बॅग चेक-इन करण्याआधी कस्टम्सचा शिक्का मारून घ्या. त्या दिवशी आपली बस हॉटेलवरून तासभर आधी निघेल.