एएफबी पॉझिटिव्ह म्हणजे टीबीच असं नाही

दुर्बिणीतून पित्ताशयाचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन होतं, टाके भरतात. काही आठवड्यांनी त्याच जागी गाठ येते, पू वाहू लागतो, नेहमीच्या अँटिबायोटिकने आटत नाही. पू तपासला की रिपोर्टवर 'एएफबी पॉझिटिव्ह' (ॲसिड-फास्ट बॅसिलाय, म्हणजे टीबीच्या कुळातले जंतू दिसले) येतं आणि घरात टीबीची धास्ती बसते. मुंबईत टीबी एवढा आहे की संशय साहजिकच. पण एएफबी पाहायला वापरतात त्या झील-नील्सन रंगात टीबीचा जंतू आणि त्याच्या कुळातले बाकीचे जंतू सारखेच लाल दिसतात.

त्यातले झपाट्याने वाढणारे तीन अशा जखमांत जास्त सापडतात: मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस, फॉर्च्युइटम आणि किलोनी. हे माती-पाण्यातले जंतू. उपकरणं नीट निर्जंतुक झाली नाहीत, की जखमेत शिरतात. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांनी या जखमा बऱ्या होत नाहीत, म्हणून नुसत्या स्मिअरवर (काचेवर पू रंगवून केलेल्या तपासणीवर) थांबू नये असं आम्ही लॅबवाले आग्रहाने सांगतो.

कल्चरमध्ये (जंतू प्लेटवर वाढवून पाहण्यात) टीबीच्या जंतूला आठवडे लागतात; हे तिघे पुन्हा पेरल्यावर सात दिवसांच्या आत उगवतात. किलोनीला ३७ अंश मानवत नाही, म्हणून एक प्लेट ३० अंशांवरही ठेवतो. एमपीटी ६४ कार्ड (टीबीच्या जंतूचं प्रथिन शोधणारी झटपट चाचणी) निगेटिव्ह आलं की टीबी नसल्याचा भक्कम पुरावा मिळतो. पुढे मॅल्डी-टॉफ हे जंतूंच्या प्रथिनांवरून ओळख पटवणारं यंत्र नेमकी जात सांगतं. ॲब्सेससच्या उपजाती मात्र जनुकीय तपासणीनेच खात्रीने कळतात.

रिपोर्टला उशीर का, असं बरेचजण विचारतात. ॲब्सेससमध्ये ईआरएम ४१ नावाचं जनुक असतं. ते चालू स्थितीत असेल, तर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक पहिले काही दिवस लागू पडतंय असं दिसतं आणि नंतर जंतू त्याला दाद देईनासा होतो. म्हणून औषध लागू पडतं का, ही चाचणी १४ दिवसांपर्यंत पाहावी लागते. मॅसिलिएन्स या उपजातीत हे जनुक सहसा निकामी असतं, तिथे हेच औषध कामी येतं. घाईत दिलेला रिपोर्ट रुग्णाला कित्येक महिने चुकीच्या औषधावर ठेवू शकतो.

सॅम्पल म्हणून सिरिंजने काढलेला पू किंवा मांसाचा तुकडा निर्जंतुक डबीत द्या. तुकडा सुकू नये म्हणून निर्जंतुक सलाइनचे दोन थेंब पुरतात. नळाचं पाणी चालणार नाही, त्यात हेच जंतू असू शकतात. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. कापसाच्या स्वॉबवर पू फार थोडा येतो. चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

फॉर्मवर ऑपरेशनची तारीख आणि 'एनटीएम कल्चर' (एनटीएम म्हणजे टीबी सोडून त्या कुळातले बाकीचे जंतू) एवढं लिहून द्या, म्हणजे ३० अंशांची प्लेट पहिल्याच दिवशी लागेल.