स्कॉलरशिप चार वर्षांची, मग पुढे?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जलतरणात चार वैयक्तिक सुवर्णपदकं पटकावणारा लिऑन मार्शां फ्रान्सचा, पण तो घडला ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या तलावात. त्याच ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावण्याची शर्यत जिंकून सेंट लुसिया या चिमुकल्या देशाला पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारी ज्युलियन आल्फ्रेड टेक्सास विद्यापीठाची. अमेरिकेत कॉलेजांच्या क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेत आज २५ हजारांच्या आसपास परदेशी खेळाडू आहेत. ही व्यवस्था त्यांना डोळ्यांपुढे ठेवून कुणीच आखलेली नव्हती. प्रशिक्षकांना जिंकायची घाई होती, म्हणून ते आले. नियम मागाहून, धापा टाकत आले.

बहुतेक देशांत मोठा खेळाडू क्लबात किंवा सरकारी केंद्रात तयार होतो. अमेरिकेत तो विद्यापीठात होतो. तिथली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे १८५२ ची हार्वर्ड-येल नौकाशर्यत, आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने जाहिरातीसाठी उचलला होता. म्हणजे पैसा पहिल्या दिवसापासून होता. पुढे अमेरिकी फुटबॉलच्या मैदानावर इतके मृत्यू होऊ लागले की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावं लागलं. त्या गडबडीतून १९०६ मध्ये जन्मलेल्या संघटनेचं नाव १९१० मध्ये एनसीएए झालं.

खेळासाठी उघडपणे स्कॉलरशिप द्यायची की नाही, यावर दीर्घकाळ घोळ चालला. १९५६ मध्ये ती रीतसर मान्य झाली. त्याच सुमाराला कोलोरॅडोत फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून रे डेनिसन हा खेळाडू गेला आणि त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे लिहूनच ठेवलं आहे की खेळाडूंना ‘स्टुडंट-ॲथलीट’ म्हणायची सक्ती अशाच दाव्यांच्या धास्तीने झाली. विद्यापीठांना कायद्यापासून वाचवणारी ही ओळख परदेशी खेळाडूला मात्र अक्षरशः पासपोर्टावर वागवावी लागते. त्याचा एफ-१ व्हिसा विद्यार्थ्याचा असतो, खेळाडूचा नव्हे.

परदेशी खेळाडूंची पहिली पक्की वाट आयर्लंडहून निघाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकी धावपटू ब्राउनिंग रॉसची आयरिश ॲथलीट्सशी ओळख झाली आणि त्यातले काही जण त्याच्या विद्यापीठात, फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हात, ‘जंबो’ एलियट या प्रशिक्षकाकडे दाखल झाले. त्यांच्या मागोमाग गेलेल्या रॉन डेलनीने १९५६ ला मेलबर्नमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. तेव्हा तो व्हिलानोव्हाचाच विद्यार्थी होता. पुढे इमन कॉगलन, सोनिया ओ’सलिव्हन त्याच वाटेने गेले. अशी वाट एकदा पडली की प्रशिक्षकाला फारसं शोधत बसावं लागत नाही. गेलेला खेळाडूच मागच्याला चिठ्ठी धाडतो.

१९७० च्या दशकात आफ्रिकेची वाट पडली आणि भांडणंही तिथूनच पेटली. अमेरिकी प्रशिक्षकांची तक्रार अशी की हे धावपटू वयाने मोठे, मुरलेले. आमच्या अठरा वर्षांच्या पोरांनी त्यांच्यापुढे टिकायचं कसं? तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पण ती फक्त परदेशी माणसापुरती नियमात उतरली, तिथे गफलत झाली. एकोणिसाव्या वाढदिवसानंतर अमेरिकेबाहेर स्पर्धा खेळलेलं प्रत्येक वर्ष परदेशी विद्यार्थ्याच्या कॉलेजकडून खेळायच्या वर्षांतून वजा होई.

याचा फटका हॉवर्ड विद्यापीठाला बसला. वॉशिंग्टनमधलं हे कृष्णवर्णीयांचं नामांकित विद्यापीठ. १९७१ मध्ये त्याच्या सॉकर, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलच्या, संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक लिंकन फिलिप्स त्रिनिदादचे आणि खेळाडू बरेचसे कॅरिबियन आणि आफ्रिकेतले. पात्रतेचे मुद्दे उकरून एनसीएएने ते विजेतेपद काढून घेतलं. हॉवर्ड न्यायालयात गेलं. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने परदेशी विद्यार्थ्यांचा नियम समान वागणुकीच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द ठरवला, बाकीचे काही नियम मात्र कायम ठेवले. काढून घेतलेलं विजेतेपद काही परत आलं नाही. दरम्यान १९७४ मध्ये एकही सामना न हरता हॉवर्डने ते पुन्हा जिंकून दाखवलं होतं. न्यायालयाच्या निकालापेक्षा हे उत्तर मला जास्त भावतं.

वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या केनियाच्या हेन्री रोनोने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम मोडले: ५०००, १०,००० आणि ३००० मीटर, शिवाय ३००० मीटर स्टीपलचेस. केनियाने १९७६ आणि १९८० या दोन्ही ऑलिंपिकवर बहिष्कार घातला, त्यामुळे ऑलिंपिकचं मैदान त्याला दिसलंच नाही. नंतर दारू, बेघरांच्या निवाऱ्यातल्या रात्री, पडेल ती कामं. त्यातून सावरून तो अमेरिकेतच मुलांना शिकवू लागला, पुढे केनियात परतला आणि २०२४ मध्ये वारला. पदवीनंतर काय, हा प्रश्न त्या काळी विद्यापीठ विचारत नसे.

१९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने मुलींना खेळात समान संधी देणं विद्यापीठांवर बंधनकारक झालं. मुलींच्या संघांना स्कॉलरशिप मिळू लागल्या आणि त्या सत्कारणी लावायला प्रशिक्षक जगभर हिंडू लागले. टेनिसमध्ये तर एनसीएएच्या सर्वांत वरच्या श्रेणीतले निम्म्याहून अधिक खेळाडू आज परदेशी आहेत. आकडे ध्यानात घ्यायला हवेत: अगदी अलीकडेपर्यंत महिलांच्या टेनिस संघाला आठ पूर्ण स्कॉलरशिप देता येत, पुरुषांच्या संघाला साडेचार. ती साडेचार आठ-दहा जणांत वाटली जाई. ‘स्कॉलरशिपवर गेला’ म्हणजे सगळं फुकट, असं गृहीत धरणाऱ्या पालकांनी ही वाटणी आधी विचारावी. शिवाय राहण्याजेवणासाठी मिळणारा स्कॉलरशिपचा भाग परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत करपात्र धरून साधारणपणे १४ टक्के आधीच कापला जातो.

भारतीयांत या वाटेचा सर्वांत लखलखीत प्रवासी टेनिसपटू सोमदेव देववर्मन. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००६ मध्ये तो एनसीएएच्या एकेरीच्या अंतिम फेरीत हरला, तोही एका जर्मन विद्यार्थ्याकडून. २००७ मध्ये उंचापुऱ्या जॉन इस्नरला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये नमवून तो विजेता झाला आणि २००८ मध्ये ४४ विजय, एक पराभव अशा हंगामानंतर पुन्हा. समाजशास्त्राची पदवी हातात घेऊनच तो व्यावसायिक टेनिसकडे वळला. २०१० मध्ये त्याने राष्ट्रकुल आणि आशियाई, दोन्ही स्पर्धांत एकेरीचं सुवर्ण मिळवलं.

रोजच्या जगण्याचा हिशेब तासांचा असतो. १९९१ पासून हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव सक्तीने घेता येत नाही. पण स्पर्धेचा अख्खा दिवस या हिशेबात तीनच तास धरतात आणि प्रवास तर मोजतच नाहीत. बसमध्ये अर्धी रात्र काढून सकाळी लॅबला हजर, हे कागदावर कुठेच उमटत नाही. त्यात एफ-१ ची आणखी एक मेख आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात आणि पूर्णवेळ विद्यार्थी ठरण्यासाठी त्यांत एकच ऑनलाइन विषय धरला जातो. ऐन हंगामात अमेरिकी सहकारी दोन-तीन विषय ऑनलाइन उरकतो. परदेशी खेळाडूला वर्गातच बसावं लागतं. विषय झेपेनासा झाला तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी न घेता तो सोडला, तर व्हिसाच धोक्यात.

जुलै २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावायची मुभा मिळाली, तेव्हा हीच भिंत आडवी आली. विद्यार्थी व्हिसावर बाहेरचं काम चालत नाही. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू काँगोचा ऑस्कर चिब्वे २०२२ च्या उन्हाळ्यात संघाबरोबर बहामाला गेला तेव्हा जाहिरातींची कामं त्याने तिथे उरकली, कारण ती जमीन अमेरिकेची नव्हती. जून २०२५ मध्ये न्यायालयात मान्य झालेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीने विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची वाट मोकळी केली; पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला मर्यादा साधारण २.०५ कोटी डॉलर. एफ-१ वरच्या खेळाडूचं त्यात काय बसतं, यावर वकिलांचा खल चालूच आहे.

पदवी मिळाली की घड्याळ सुरू होतं. ओपीटी या सवलतीखाली आपल्या विषयाशी संबंधित काम १२ महिने करता येतं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणिताची पदवी असेल तर आणखी २४. पहिल्या १२ महिन्यांत बेकारीचे दिवस ९० च्या आत ठेवावे लागतात. म्हणून सरावाच्या वेळांशी जुळतो म्हणून पहिल्या वर्षी निवडलेला सोपा विषय चौथ्या वर्षी महागात पडतो. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत: वर्षाला ८५ हजार जागा आणि अर्ज कितीतरी जास्त. खेळाडू म्हणून पी-१ व्हिसा आहे, पण तो आंतरराष्ट्रीय दर्जा सिद्ध केलेल्यांसाठी.

मायदेशीही वाट गुळगुळीत नसते. कॅन्सस स्टेटचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर २०२२ मध्ये दुसऱ्यांदा एनसीएए विजेता झाला, पण तेव्हाच भारतात असलेली आंतरराज्य स्पर्धा चुकली आणि राष्ट्रकुल संघातून त्याचं नाव गळलं. दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागून, अगदी शेवटच्या क्षणी तो बर्मिंगहॅमला पोहोचला आणि कांस्य घेऊन आला. कोलंबिया विद्यापीठातून संख्याशास्त्र शिकलेला स्क्वॉशपटू रमित टंडन उलट दिशेने गेला: न्यूयॉर्कमधली हेज फंडातली नोकरी सोडून तो पूर्णवेळ कोर्टवर उतरला. बऱ्याच जणांच्या वाट्याला मधला मार्ग येतो. एखाद्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश घ्यायचा, फीमाफीच्या बदल्यात संघाचा साहाय्यक प्रशिक्षक व्हायचं, एफ-१ आणखी दोन वर्षं चालवायचा आणि दरम्यान आपल्याच देशातल्या ओळखीच्या क्लबांना फोन लावायचे: पुढच्या वर्षी आमच्याकडे एक जागा आहे, कोणी चांगला पोरगा आहे का?