वन्यप्राणी निवारा केंद्र

जखमी, पोरके, सापळ्यात अडकलेले, चोरट्या व्यापारातून जप्त केलेले किंवा खेळ करून घेण्यासाठी बाळगलेले वन्य प्राणी सोडवून आणल्यावर त्यांच्यावर उपचार करणारी, शक्य तेव्हा त्यांना पुन्हा रानात सोडणारी आणि ते अशक्य असल्यास आयुष्यभर सांभाळणारी व्यवस्था. बोलण्यात तिला ‘प्राण्यांचे अनाथालय’ असेही म्हणतात. ‘अभयारण्य’ हा शब्द मात्र येथे जपून वापरावा लागतो. कायद्याच्या भाषेत अभयारण्य म्हणजे शासनाने अधिसूचनेने राखलेले क्षेत्र होय. तुंगारेश्वर, कर्नाळा आणि ठाणे खाडी ही ठाणे परिसरातील उदाहरणे असून तेथील प्राणी मोकळे असतात. निवारा केंद्रातील प्राणी बंदिस्त असतात.

या कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात (इ.स.पू. तिसऱ्या शतकाचा मध्य) ‘मनुसचिकीछा’ आणि ‘पसुचिकीछा’ अशा दोन चिकित्सांची सोय केल्याचा उल्लेख आहे आणि त्यावरून प्राण्यांची रुग्णालये त्या काळी होती, असे अनेकदा लिहिले जाते. मूळ शब्द चिकित्सेचा आहे, वास्तूचा नाही. शिवाय पुढे येणारा मजकूर औषधी वनस्पती लावण्याविषयी आणि वाटेवर विहिरी खणण्याविषयी असल्याने, पशू म्हणजे येथे प्रामुख्याने पाळीव जनावरे असावीत, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या (२०१४ पासून पालघर जिल्ह्यातील) सोपारे येथे अशोकाच्या लेखांचे तुकडे मिळाले, म्हणून ही परंपरा थेट या भूमीशी जोडण्याचा मोह होतो. परंतु १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळालेला तुकडा आठव्या लेखाचा आणि १९५६ मध्ये सापडलेला नवव्या लेखाचा आहे. नवव्या लेखात प्राणिमात्रांविषयी संयम सांगितला आहे, तरी चिकित्सेचा दुसरा लेख सोपाऱ्यात आढळलेला नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील सूनाध्यक्षाच्या (कत्तलखान्यांवरील अधिकाऱ्याच्या) प्रकरणात ‘अभयवना’तील मृग, पशू, पक्षी व मासे यांना बांधणाऱ्यास, मारणाऱ्यास वा इजा करणाऱ्यास ‘उत्तम’ म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा दंड सांगितला आहे. या ग्रंथाचा काळ इ.स.पू. चौथ्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत निरनिराळा धरला जातो. तो कोणताही मानला तरी अभयवन हे आजच्या अभयारण्याचे पूर्वरूप ठरते, निवाऱ्याचे नव्हे.

निवाऱ्याला खरोखर जवळची नोंद त्यामानाने बरीच उशिराची, १६२३ मधील आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने खंबायत (गुजरात) येथे पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. तेथे पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या उंदरांच्या पोरक्या पिलांना पिसाने दूध पाजत होता आणि ती मोठी झाली की सोडून देणार असल्याचे सांगत होता. सांभाळणे हे सोडून देण्यासाठी, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. मुंबईतील पांजरपोळ १८३४ मधला. त्याचा भर मात्र गुराढोरांवर राहिला.

आजच्या व्यवस्थेचा पाया वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि २००९ च्या नियमांनी निवारा केंद्रात प्राण्यांचे प्रदर्शन मांडण्यास मनाई केली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर १९९८ मध्ये आलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये उचलून धरली. त्यानंतर सर्कशीतून सुटलेल्या प्राण्यांसाठी देशात अनेक ठिकाणी केंद्रे उभी राहिली.

ठाणे परिसरात हा विषय मुख्यतः बिबट्याभोवती फिरतो. सुमारे १०३ चौ. किमी. क्षेत्राच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची येऊरची बाजू ठाणे शहराला भिडलेली असून उद्यानात बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या समतानगर भागात शिरलेल्या बिबट्याला भूल देऊन याच उद्यानात नेण्यात आले. पकडलेल्या प्राण्याचा पिंजरा ताडपत्रीने झाकतात, कारण माणसे दिसली की बिबट्या गजांवर धडका देतो आणि त्याचे सुळे तुटतात. सुळे गेलेला बिबट्या शिकार करू शकत नाही; अशा वेळी सुटका हीच जन्मठेप ठरते.

पकडून दूर सोडणे हा उपाय दिसायला दयाळू आहे, पण अनुभव वेगळा आहे. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जुन्नर परिसरात २९ बिबटे सरासरी ३९.५ किमी. अंतरावर सोडल्यानंतर माणसांवरील वार्षिक हल्ल्यांची सरासरी ४ वरून १७ वर गेली. २००४ साली संजय गांधी उद्यानालगतही हल्ले शिगेला पोचले होते. म्हणून आता पोरकी वाटणारी पिले उचलून न नेता, जेथे सापडली तेथेच संध्याकाळी खोक्यात ठेवून आईची वाट पाहतात; जुन्नरच्या उसाच्या फडांत ही पद्धत चांगली रुळली आहे. येऊर व आसपासच्या पाड्यांवरील वारली वाघोबाला (वाघ-बिबट्याच्या रूपातील देवाला) पूजतात. बिबट्याचे घर येथेच आहे हे त्यांच्यालेखी गृहीतच असते, आणि या प्रश्नात ती समजूत मोलाची आहे. माणिकडोह (जि. पुणे) येथील केंद्रात परत सोडता न येणारे बिबटे कायमचे राहतात, तेथील आणि बोरिवलीतील (संजय गांधी उद्यानातील) जागा मर्यादितच असतात.

खाडीकाठची गरज वेगळी आहे. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य व २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. नवी मुंबईत कोसळलेला फ्लेमिंगो पाय दुमडून फार वेळ बसला तर त्याचे स्नायू निकामी होतात, म्हणून त्याला कापडी झोळीत पाय मोकळे लोंबतील असे टांगून ठेवतात. सागरी कासवांवर डहाणू येथे उपचार होतात. टाकून दिलेल्या जाळ्यात अडकून ज्यांचे वल्ह्यासारखे पाय कापावे लागतात, त्यांतील काही कासवे समुद्रात परत जाऊ शकत नाहीत आणि टाकीतच राहतात.