सूर्य बुडाला की लगेच पाठ फिरवू नका

हवेत धूळ जितकी जास्त तितका सूर्यास्त देखणा, हा समज बराचसा चुकीचा आहे. रंग खुलवतात ते मुख्यतः हवेचेच रेणू. ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान असल्यामुळे आखूड लहरींना जास्त विखुरतात, आणि तेही तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो. क्षितिजाला टेकलेल्या सूर्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते. वाटेत निळा गळतो, मग हिरवा. डोळ्यांपर्यंत पोचतो तो नारिंगी आणि तांबडा.

धुळीचे, धुराचे मोठे कण मात्र सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. म्हणून दाट प्रदूषणात आकाश मळकट पांढुरकं दिसतं आणि सूर्य क्षितिजाला पोचण्याआधीच विरून जातो. पावसाने हवा धुऊन काढली की रंग चटक दिसतात ते यामुळेच. ज्वालामुखी हा अपवाद: 1883 साली क्राकाटोआ आणि 1991 साली पिनाटुबोच्या उद्रेकानंतर स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब पसरले आणि पुढे कित्येक महिने जगभर संध्याकाळी विलक्षण रंगत राहिल्या.

क्षितिजाला टेकलेला सूर्य खरं तर आधीच मावळलेला असतो! वक्रीभवनामुळे, म्हणजे हवेत किरण वाकल्यामुळे, तो तिथे सुमारे 34 कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचललेला दिसतो, आणि त्याच्या बिंबाचा व्यास जेमतेम 32 कला.

बहुतेक लोक नेमके इथेच उठून जातात. आकाशात उंचावर पिंजल्यासारखे तंतुमेघ असतील, तर त्यांच्यावर खालून पडणारा तांबडा उजेड सूर्य बुडाल्यावर दहा-वीस मिनिटांनी ऐन भरात येतो. अट एकच, पश्चिमेचं क्षितिज मोकळं हवं. तिथे ढगांची भिंत असेल तर किरण वाटेतच अडतात आणि वरचे ढग राखाडीच राहतात. याच वेळी मागे वळून पूर्वेकडे पाहा. क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा दिसेल, ती पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा. माथ्यावरचा गडद निळा रंग मात्र बराचसा ओझोनचा, कारण हा वायू नारिंगी-पिवळा प्रकाश शोषून घेतो.

फोटोत रंग फिके येतात, कारण कॅमेऱ्याचा 'ऑटो' व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा आपोआप सुधारणारी सोय, नारिंगी छटेला दोष समजून पुसून टाकतो. तो 'डेलाइट'वर ठेवा आणि एक्स्पोजर एका स्टॉपने उतरवा, म्हणजे प्रकाश निम्मा करा.