ताणामुळे पॉलिप होतो का?

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीच्या, अहवालात 'पॉलिप' (अस्तरावर उगवणारी मांसल गाठ) हा शब्द दिसला की, "हिंजवडीची नोकरी, डोक्याला ताप, दुसरं काय होणार?" असे निदान पुण्यात घरोघरी परस्पर होऊन जाते. मात्र ताणामुळे थेट पॉलिप तयार होतो, हे वैद्यकशास्त्रात सिद्ध झालेले नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींच्या जनुकांत, बहुधा एपीसी नावाच्या जनुकात, बिघाड होऊन त्या अनिर्बंध वाढू लागल्या की अडेनोमा जातीचा पॉलिप उगवतो. वाढते वय, घराण्यातील इतिहास, धूम्रपान, मद्य आणि लठ्ठपणा यांमुळे ही शक्यता बळावते. नाकातील पॉलिपचे मूळ दीर्घकालीन दाहात असते, गर्भाशयातील पॉलिपचा संबंध इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी असतो. तेव्हा सगळ्यांना एकच कारण चिकटवणे मुळातच चूक. ताणाच्या भरात सिगारेटी वाढतात, व्यायाम सुटतो, एवढा आडवळणाचा संबंध फार तर मान्य करता येईल. पण राजीनामा दिल्याने आतड्यातला पॉलिप जिरेल, अशी आशा धरू नये. अडेनोमाचा कर्करोग व्हायला, झालाच तर, साधारण १० वर्षे लागतात आणि त्याआधी तो दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने कापून तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवता येतो.