पार्श्वभूमी : ट्रकचालकाचा परवाना आणि पहिली नोकरी

अवजड वाहनाचा परवाना नुकताच हाती पडलेल्या चालकाला नोकरी मागायला गेल्यावर बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न अनुभवाचा विचारला जातो. वैद्यकीय तपासणी झालेली असते, लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी उत्तीर्ण झालेली असते, तरीही वाहतूकदार, आणि त्याहून अधिक त्याची विमा कंपनी, वर्ष-दोन वर्षांच्या अनुभवाखेरीज गाडीची किल्ली द्यायला नाखूश असते. ही अडवणूक केवळ मालकांच्या हट्टातून आलेली नाही. या धंद्यात काम शिकण्याची वाट आणि कायद्याने पात्र ठरण्याची वाट सुरुवातीपासूनच वेगवेगळी होती, आणि पुढे पहिली वाट बंद होत गेली.

गॉटलिब डाइमलर यांनी 1896 मध्ये पहिला मोटार-ट्रक तयार केला, तेव्हा मोटार चालवण्यासाठी परवाना असावा ही कल्पनाच नवी होती. पॅरिसच्या पोलिसांनी 1893 मध्ये चालकाच्या पात्रतेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले होते. ब्रिटनमध्ये मात्र 1903 च्या मोटार कार कायद्याने आणलेला परवाना पाच शिलिंग भरले की मिळत असे आणि त्यासाठी कोणतीही परीक्षा नव्हती. सतरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही, निदान कागदावर, मोटार चालवण्यास योग्य ठरत होता. मालवाहू गाडीसाठी वेगळे काही लागत असावे, असे त्या काळच्या कायदेकर्त्यांना वाटले नाही.

प्रत्यक्षात हे काम शिकवले जात होते ते गाडीच्या केबिनमध्ये. वाफेवर चालणाऱ्या मालवाहू गाडीला दोन माणसे लागत. एक गाडी हाकणारा आणि दुसरा भट्टीत कोळसा टाकून पाणी व दाब सांभाळणारा. पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या आल्यावर भट्टी गेली, पण दुसरा माणूस बराच काळ राहिला, कारण माल हाताने चढवायचा-उतरवायचा असे, ताडपत्री ओढून दोरखंड आवळायचे असत आणि अरुंद जागेत गाडी मागे घेताना खाली उतरून इशारा द्यावा लागे. आपण ज्याला क्लीनर म्हणतो तो हाच मदतनीस. वर्षानुवर्षे शेजारच्या सीटवर बसून, रिकाम्या रस्त्यावर थोडा वेळ स्टिअरिंग हातात घेऊन, तो चालक होत असे. पहिल्या महायुद्धानंतर सैन्यात गाडी चालवायला शिकलेले जवान आणि सैन्याने विक्रीस काढलेले ट्रक एकाच वेळी बाजारात आले, आणि ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा धंदा मोठ्या प्रमाणावर या दोहोंवर उभा राहिला.

क्लीनर काय शिकत असे, याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतो. जुन्या गिअरबॉक्समधील दातेरी चाकांचा वेग आपोआप जुळत नसे. उतारावर खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटर नेमका हवा तेवढाच दाबून इंजिनाचा वेग चढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर आत सारायचा. याला चालक ‘डबल क्लच’ म्हणतात. अंदाज चुकला तर कर्कश घरघर होऊन गिअर पडतच नसे, आणि भरलेली गाडी न्यूट्रलमध्येच उताराला लागत असे. इंजिनाचा आवाज ऐकून पाय उचलण्याचा हा अंदाज पुस्तकातून येण्यासारखा नव्हता.

कायद्याने या कामात लक्ष घातले ते आधी थकव्याच्या बाजूने, कौशल्याच्या बाजूने नव्हे. ब्रिटनच्या 1930 च्या रस्ते वाहतूक कायद्याने मालवाहू वाहनाच्या चालकाला सलग साडेपाच तासांपेक्षा आणि दिवसाच्या चोवीस तासांत एकूण अकरा तासांपेक्षा अधिक गाडी चालवण्यास मनाई केली. अवजड मालवाहू गाडीच्या चालकासाठी स्वतंत्र परवान्याची तरतूद 1934 च्या कायद्यात आली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती बाजूला पडली आणि पुन्हा अमलात यायला 1970 साल उजाडले. तेव्हाही आधीपासून ट्रक चालवणाऱ्यांना त्यांच्या अनुभवाच्या जोरावर, चाचणीविना परवाना मिळाला. जुन्यांना अनुभवावर आणि नव्यांना चाचणीवर पात्र ठरवणारा हा नियम मला या इतिहासातील सर्वांत बोलका नियम वाटतो.

दरम्यान 1949 च्या जिनिव्हा करारात आंतरराष्ट्रीय परवान्याचे वर्ग ठरले आणि 3,500 किलोग्रॅमहून अधिक कमाल अनुज्ञेय वजनाच्या मालवाहू वाहनांसाठी ‘सी’ हा वर्ग आला. 1968 च्या व्हिएन्ना करारातही तीच सीमा कायम राहिली. युरोपातील परवान्यांवर आज दिसणारे सी हे अक्षर त्या परंपरेतले आहे, आणि जड ट्रेलर जोडला की त्यापुढे ई हे अक्षर लागते.

थकव्याच्या नियमाला खरी धार आली ती टॅकोग्राफ या केबिनमधल्या नोंदयंत्रामुळे. मेणाचा पातळ थर दिलेल्या कागदी तबकडीच्या मध्यभागी चालक आपले नाव, तारीख, निघण्याचे ठिकाण आणि किलोमीटरचा आकडा लिहीत असे आणि तबकडी यंत्रात बसवीत असे. ती चोवीस तासांत एक फेरा पूर्ण करी, आणि बारीक सुया तिच्यावर ओरखडे काढून वेग, अंतर आणि कामाचे व विश्रांतीचे तास नोंदवीत. युरोपीय समुदायाने 1970 मध्ये या यंत्रासाठी नियम केला. ब्रिटनमधील कामगार संघटनांनी त्याला केबिनमधला हेर ठरवून विरोध केला, आणि 1979 मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनच्या विरोधात निकाल दिल्यानंतरच तेथे त्याची सक्ती झाली. आज युरोपात दिवसाला सर्वसाधारणपणे 9 तास गाडी चालवता येते आणि साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते.

अमेरिकेची अडचण वेगळी होती. अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या परवान्यावर भला मोठा ट्रेलर चालवता येत असे, आणि एका राज्यात परवाना रद्द झाला तर चालक दुसऱ्या राज्याचा परवाना खिशातून काढीत असे. 1986 च्या कायद्याने एकाच व्यावसायिक परवान्याची अट घातली आणि 1 एप्रिल 1992 पासून ती पूर्णपणे लागू झाली. प्रशिक्षणाची किमान चौकट मात्र 7 फेब्रुवारी 2022 रोजी अमलात आली. तीतही तासांची किमान संख्या नाही; प्रत्यक्ष वाहन चालवण्याची प्रत्येक बाब जमली की नाही, हे प्रशिक्षकाच्या निर्णयावर सोपवले आहे.

युरोपीय संघाने याउलट तास मोजले. 2003 च्या निर्देशानुसार नव्या चालकाला परवान्याखेरीज व्यावसायिक पात्रता मिळवावी लागते, प्रशिक्षणाच्या मार्गाने ती मिळवायची तर 280 तास, किंवा वेगवान अभ्यासक्रमात 140 तास लागतात, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी 35 तासांची उजळणी करावी लागते. ट्रकचालकांसाठी हे सप्टेंबर 2009 मध्ये सुरू झाले. भारताच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याने वयाची अट 20 वर्षांची ठेवली आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याखेरीज व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळणार नाही, असे ठरवले. ऑस्ट्रेलियातही हलक्या वर्गात काही काळ काढूनच वरच्या वर्गाचा परवाना मिळतो. क्लीनरची जी वर्षे पूर्वी आपोआप जात, तीच हे देश आता मुदत म्हणून मागतात, असे म्हणता येईल.

कारण तोवर शेजारची सीट रिकामी झाली होती. माल रचायच्या फळ्या म्हणजे पॅलेट आणि त्या उचलणाऱ्या फोर्कलिफ्टने हाताने माल चढवण्याचे काम संपवले, 1956 नंतर पसरत गेलेल्या कंटेनरमुळे मालाची पेटी गाडीवरून न उघडताच पुढे जाऊ लागली, पॉवर स्टिअरिंगने हातांची ताकद अनावश्यक केली. दुसऱ्या माणसाचा पगार वाचला, आणि त्याच हिशेबात शिकाऊ उमेदवाराची जागाही गेली. चाचणीच्या मैदानावर ट्रेलर मागे घेणे शिकवता येते. ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचे, हे काही दिवसांत अंगवळणी पडते. पण पावसाळी रात्री, अनोळखी गोदामाच्या अरुंद दारात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना तेच करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि विमा कंपनी अनुभव विचारते तेव्हा तिला हेच विचारायचे असते.

चालकांचा तुटवडा पडला की सरकारे चाचणीचा रस्ता आखूड करतात. ब्रिटनने नोव्हेंबर 2021 पासून सी वर्गाची चाचणी आधी न देता थेट जोडवाहनाची, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या ट्रकची, चाचणी देण्याची मुभा दिली. परवाने त्यामुळे लवकर मिळतात, मालकाचा प्रश्न मात्र बदलत नाही. म्हणून अनेक नवे चालक एजन्सीमार्फत सुट्टीच्या काळातील तात्पुरत्या फेऱ्यांपासून सुरुवात करतात, किंवा लहान गाडीवर वर्षभर काढतात. अमेरिकेतील काही मोठ्या वाहतूक कंपन्या परवाना मिळालेल्या नवख्या चालकाला पहिले काही आठवडे एकट्याने पाठवतच नाहीत. त्याच्या शेजारी एक जुना चालक बसवला जातो, फक्त आता स्टिअरिंगवर शिकाऊ असतो आणि मदतनिसाच्या सीटवर उस्ताद.