खर्ऱ्यातला चुना अन् पोटातलं लेकरू

"बिडी नाही ओढत नं, मंग धूर नाही तर लेकराला काय होते?" गडचिरोली-चंद्रपूरकडं गर्भार बाईच्या खर्ऱ्याचा (तंबाखू, सुपारी अन् चुना घोटून केलेला) विषय निघाला की हे हमखास ऐकू येते. धूर नसते हे खरं, पण निकोटिन तर असतेच, अन् ते रक्तात ढकलायचं काम चुना करते.

निकोटिनचे दोन अवतार, एक विद्युतभार असलेला अन् एक बिनभाराचा, अन् गालाच्या आतल्या पातळ चामडीतून सहज जाते तो बिनभाराचा. पीएच (आंबट की अल्कली ते सांगणारं माप) ७ असला तर असं निकोटिन जेमतेम ९ टक्के, पण चुना घोटून पीएच ९ वर गेला की ९० टक्के! तंबाखू तेवढाच, फक्त चुन्यानं दार उघडलं. रक्तातून ते वारेतूनही पार होते अन् लेकराचं रक्त आईपेक्षा किंचित कमी अल्कली, म्हणून तिकडं गेलेलं निकोटिन पुन्हा भार घेते अन् परत यायला अडते, म्हणजे लेकराच्या रक्तात ते आईपेक्षाही थोडं जास्त भरू शकते. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात, मंग लेकराला रक्त कमी पोचते. मुंबईत १२१७ बायांवर झालेल्या अभ्यासात (२००४) बिनधुराचा तंबाखू खाणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली.

आता काही जुनी माणसं म्हणतात लेकरू बारीक असलं तर बाळंतपण सोपं जाते. पण हलकी लेकरंच बरेचदा एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, ठेवावी लागतात बाप्पा.

पण बाईला रागावून काही होत नाही, याचंही कारण शरीरातच आहे. गरोदरपणात यकृतातलं निकोटिन मोडणारं सीवायपी२ए६ एन्झाइम जोरात चालते, निकोटिन सुमारे ६० टक्के जास्त वेगानं साफ होते, म्हणून तलफ लवकर लागते, म्हणजे तिनं जास्त वेळा खाल्ला तर तो निव्वळ हट्ट नाही. ओरडा बसला की ती पुढच्या तपासणीला येतच नाही, मंग बीपी, हिमोग्लोबिन सगळंच सुटते. म्हणून आशाताईनं दर भेटीत साधेपणानं विचारावं, जागतिक आरोग्य संघटनाही दर तपासणीला विचारा असंच म्हणते, अन् घरच्यांनी निदान तिच्यासमोर घोटू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तिथं हे मोकळेपणी सांगता येते, सोडायला मदत १८००-११-२३५६ वर फुकट मिळते. खर्ऱ्यासोबत रोजची दारूही असली तर मात्र दारू घरीच एकदम बंद करायला लावू नका, झटके येऊ शकतात, ते डॉक्टरच्या देखरेखीतच.